जोतं आणि कौलं

बारावीचा निकाल लागला, इंजिनीअरिंगचा प्रवेश पक्का झाला की घरात संगणकाचा विषय निघतो. मुलाला गेम खेळायचे असतात, आईवडिलांना अभ्यासाचं कारण पटलेलं असतं आणि दोघांच्या मधोमध एक आकडा ठरतो: सत्तर हजार, ऐंशी हजार, फार तर लाख. मग घरच्या घरी संगणक जोडणाऱ्या माझ्यासारख्या नातेवाइकाला फोन येतो. यंदा बहिणीच्या मुलाचा आला. "मावशी, असा पीसी सांग की दहा वर्षं बघायला नको." मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला, "एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकू. सगळ्यात भारी प्रोसेसर, सगळ्यात भारी कार्ड. पुन्हा खर्च नको."

आपल्या घरांतलं हे जुनं आणि प्रामाणिक शहाणपण आहे. शिलाई मशीन, फ्रीज, स्कूटर आपण अशीच घेत आलो. गेमिंगच्या संगणकाला मात्र ते लागू पडत नाही. ते का, हे जरा सविस्तर मांडायचं आहे, कारण या एका समजुतीपायी कष्टाचे पैसे वाया जाताना मी फार पाहिले आहेत.

कोकणातल्या आमच्या आजोळच्या घराचं चिऱ्यांचं जोतं पणजोबांच्या वेळचं आहे. छपराची कौलं दर मे महिन्यात शाकारली जातात. फुटकी काढायची, नवी सरकवायची, पावसाआधी काम उरकायचं. त्या घरात कुणीही शंभर वर्षं टिकणारं कौल शोधत बसलं नाही. जोतं भक्कम हवं आणि वरचं कौल भिंत न पाडता निघायला हवं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. गेमिंगचा संगणक टिकतो तोही असाच. त्याचं आयुष्य त्यातल्या सर्वांत महाग भागावर कमी आणि कोणता भाग पुढे सुटा बदलता येईल यावर जास्त अवलंबून असतं.

आधी संगणक जुना होतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. पंख्याची बेअरिंग झिजते, थर्मल पेस्ट सुकते, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधले कपॅसिटर दुबळे होतात. हे सगळं बदलता येतं. खुद्द चिप मात्र योग्य व्होल्टेजवर आणि योग्य तापमानात राहिली तर दहा-पंधरा वर्षं विनातक्रार चालते. २०११ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा आय५-२५००के अनेकांनी सात-सात, आठ-आठ वर्षं गेमसाठी वापरला. तो मोडला म्हणून कुणी काढला नाही. गेम त्याला झेपेनासे झाले, म्हणून तो निघाला.

आणि गेम कधी झेपेनासे होतात, याला एक घड्याळ आहे. ते आपल्या बाजारात दिसत नाही, कारण ते कन्सोलचं घड्याळ आहे. मोठा गेम बनवणारे लोक प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स समोर ठेवून माप घेतात, पीसीचा विचार त्या मापाच्या आसपास होतो. प्लेस्टेशन ४ आला २०१३ च्या नोव्हेंबरात. त्यात आठ कोअर होते खरे, पण १.६ गिगाहर्ट्झचे, मुळात कमी विजेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांसाठी घडवलेल्या घराण्यातले. पुढची सात वर्षं गेम त्या मापानं शिवले गेले, म्हणून चार कोअरचा २५००के तरून गेला. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आला. त्यात झेन २ घराण्याचे आठ कोअर, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारे, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स यांच्यात मिळून १६ जीबी मेमरी. माप एकदम बदललं. पुढच्या दोन-तीन वर्षांत जुन्या कन्सोलचा आधार सुटत गेला आणि चार कोअरचे संगणक धापा टाकू लागले.

२०१७ साली मी संगणक जोडला तेव्हा हे घड्याळ मला नीट कळत नव्हतं, पण निवड नशिबानं बरी झाली. त्या वर्षी एका बाजूला आय५-७६००के होता: चार कोअर, चार थ्रेड. दुसऱ्या बाजूला एएमडीचा रायझन ५ १६००: सहा कोअर, बारा थ्रेड. तेव्हाच्या चाचण्यांत बहुतेक गेममध्ये आय५ पुढे होता आणि त्या आकड्यांवर निर्णय घेणाऱ्यानं तोच घेणं स्वाभाविक होतं. तीन-चार वर्षांत चित्र फिरलं. सरासरी फ्रेम ठीक दिसायच्या, पण गर्दीच्या रस्त्यावर गाडी वळवली की चार कोअरवरचा गेम हिसके द्यायचा.

हा हिसका महत्त्वाचा आहे. सेकंदाला ६० फ्रेमनं खेळायचं तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं. कार्डाचं काम जड झालं तर ते हलकं करता येतं: सावल्या कमी करा, रिझोल्यूशन उतरवा, चित्र लहान काढून मोठं करणारं डीएलएसएस किंवा एफएसआर चालू करा. प्रोसेसरचं तसं नसतं. माणसं कुठे चालली आहेत, पिंप कसं घरंगळलं, या क्षणी कार्डाला काय काय काढायला सांगायचं, ही कामं सेटिंग खाली आणून फारशी घटत नाहीत. म्हणून दूरचं पाहणाऱ्यानं प्रोसेसर आजच्या गरजेपेक्षा थोडा मोठा घ्यावा असं मी म्हणते. थोडा, सर्वांत मोठा नव्हे. आज त्याचा अर्थ सहा कोअर ही खालची पायरी आणि आठ कोअर ही आरामाची. त्यापलीकडचे बारा-सोळा कोअर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याच्या कामाचे. गेममध्ये ते बहुतांशी रिकामे बसतात.

सर्वांत महाग म्हणजे सर्वांत टिकाऊ, या समजुतीला तर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीनं मोठाच धक्का दिला. ६ गिगाहर्ट्झला भिडणारे त्यांचे आय९ प्रोसेसर गेममध्ये कोसळू लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजनं चिपच खराब होत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं त्यावर मायक्रोकोडचा उपाय काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सर्वांत जास्त झळ बसली ती सर्वांत वरच्या मॉडेलांना, कारण तीच ताणून शेवटच्या टोकाला नेलेली होती.

आता जोत्याकडे येते. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो तो सॉकेट किती वर्षं जिवंत राहणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच कुणी विचारतं, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. इंटेलच्या ११५१ सॉकेटची गोष्ट पाहा. २०१५ मध्ये सहावी पिढी त्यात आली, २०१७ च्या जानेवारीत सातवी. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, आकार तोच. पण जुन्या बोर्डांवर ती चालणार नाही असं कंपनीनं ठरवलं. पिनांच्या जोडणीत बदल केला आहे असं कारण दिलं गेलं. पुढे हौशी लोकांनी काही पिनांवर चिकटपट्टी लावून, बायोसमध्ये फेरफार करून तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. जानेवारीत सातव्या पिढीचा बोर्ड घेतलेल्या माणसाचा वरचा रस्ता दहा महिन्यांत बंद झाला होता.

एएमडीचा एएम४ सॉकेट त्याच काळातला. पहिले रायझन त्यावर मार्च २०१७ मध्ये आले आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५८००एक्स३डी सुद्धा त्याच सॉकेटचा. पण हे दीर्घायुष्य कंपनीनं आपणहून पदरात टाकलं असं समजू नये. मे २०२० मध्ये एएमडीनं जाहीर केलं होतं की पुढचे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, हे कारण होतं. ग्राहक संतापले, लिहीत राहिले, आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीनं निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या, २०१७ च्या बोर्डांनाही तो मार्ग खुला झाला. यंत्र कधी म्हातारं ठरवायचं हा निर्णय कुठल्या तरी बैठकीत होतो आणि तो बदलायला लावता येतो, हे मला त्या दोन आठवड्यांत कळलं.

२०२३ च्या एका रविवारी मी माझ्या बी३५० बोर्डावरचा १६०० काढून रायझन ५ ५६०० बसवला. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट केलं. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, म्हणून यूपीएस लावून पाच मिनिटं श्वास रोखून बसले. मग अर्धा तास गेम चालवला, म्हणजे सुकलेली पेस्ट गरम होऊन सैल पडावी. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात, एकूण १३३१. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवायचा. एवढं करूनही कोपऱ्यातली एक पिन कलली होती. ती शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकात धरून केसभर सरळ केली, कारण जुना प्रोसेसर शेजारच्या मुलाला द्यायचा होता. नवा बसवला, खटका दाबला, पडदा उजळला. कोअर पूर्वीइतकेच सहा, वीजही तीच ६५ वॅटची, पण गर्दीच्या रस्त्यावरचा हिसका गेला. बोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस सगळं जुनंच.

आणखी एक गोष्ट त्यात आपोआप साधली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या यादीत रायझनची पहिली पिढी नाही आणि इंटेलची आठव्यापूर्वीची जवळजवळ कुठलीच नाही. म्हणजे १६०० असलेला संगणक यादीबाहेर, आणि त्याच बोर्डावर ५६०० बसवला की यादीत. ज्यांच्या सॉकेटला पुढचा रस्ताच नव्हता, त्यांना चालता संगणक बाजूला ठेवण्याची वेळ आली. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. त्या ढिगात चालू स्थितीतली यंत्रं पडावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्राफिक्स कार्डाचा हिशोब वेगळा आहे. कार्ड हे कौल. ते बदलणारच, हे धरून चाला. प्रश्न एवढाच की ते चार वर्षांनी बदलायचं की दोन. आणि तिथे वेगापेक्षा मेमरी जास्त निर्णायक ठरते.

हे मी पैसे घालवून शिकले. २०१७ मध्ये दुकानदारानं मला ३ जीबीचं कार्ड पुढे केलं. "मॅडम, ६ जीबीची गरज पडत नाही, वेग जवळपास तोच," तो म्हणाला आणि त्या महिन्यापुरतं ते खरंही होतं. दीड वर्षात भिंतींवरची चित्रं मेणासारखी वितळलेली दिसू लागली. मी दाराजवळ उभी राहायचे, दोन-तीन सेकंद सगळं चिखलासारखं, मग हळूच विटा उमटायच्या. कार्डाच्या चिपमध्ये ताकद शिल्लक होती, पण ठेवायला जागा नव्हती.

असं का होतं ते सांगते. आरटीएक्स ३०७० मध्ये कार्डावरची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी या वेगानं चिपला माल पुरवते. ती ८ जीबी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून, स्लॉटमार्गे आणावा लागतो, आणि तो रस्ता सेकंदाला जास्तीत जास्त ३२ जीबीचा. चौदा पदरी रस्ता अचानक एक पदरी व्हावा तसं. म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हा, ४९९ डॉलरचं ३०७० उंच टेक्स्चरवर अडखळताना दिसलं, आणि त्याच पिढीतलं ३२९ डॉलरचं, बरंच मंद ३०६० त्या बाबतीत निवांत होतं, कारण त्याच्यावर १२ जीबी होती. त्या १२ जीबीमागे औदार्य नव्हतं. मेमरीचा प्रत्येक तुकडा ३२ बिटांच्या वाटेनं जोडलेला असतो. ३०६० ची वाट १९२ बिटांची, म्हणजे सहा तुकडे. १ जीबीचे लावले तर ६, २ जीबीचे लावले तर १२. सहा फार कमी पडले असते म्हणून बारा आले, आणि घेणाऱ्यांचं भलं झालं.

आजही एकाच नावाची दोन कार्डं विकली जातात. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही आहे आणि १६ जीबीतही. आरएक्स ९०६० एक्सटीचंही तेच. दोन्हीकडे मूळ किमतीतला फरक ५० डॉलर. त्या पन्नास डॉलरवर दोन-तीन वर्षांचं आयुष्य अवलंबून आहे, आणि नाव सारखं असल्यामुळे ग्राहकाला ते कळत नाही. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. जुन्या बोर्डावर नवं कार्ड चढवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: ५०६० टीआय स्लॉटच्या आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळा. नव्या बोर्डावर फरक जाणवत नाही. बी३५० सारख्या जुन्या पिढीच्या स्लॉटवर आठ लेनचा रस्ता सेकंदाला ८ जीबीवर येतो आणि मेमरी भरली की तोच गळा आवळतो.

"मग सर्वांत मोठं कार्डच घेऊ, मेमरीही मिळेल," असं भाच्याचे वडील म्हणाले. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण जीटीएक्स १०८० टीआय. मार्च २०१७, ६९९ डॉलर, ११ जीबी. ज्यांनी ते घेतलं त्यांनी सहा-सात वर्षं राज्य केलं. पण त्याचाही शेवट पाहा. २०२४ च्या डिसेंबरात आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाही, २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस'ही नाही. ताकद आणि मेमरी असूनही दार बंद. २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हरही थांबले. कार्ड कितीही मोठं असो, ज्या सोयी पुढे सक्तीच्या होतील त्या त्याच्या चिपमध्ये नसतील तर पैसा त्याला वाचवत नाही.

दुसरं उदाहरण आरटीएक्स २०८० टीआयचं: २०१८ मध्ये किमान ९९९ डॉलर. दोनच वर्षांनी ३०७० जवळपास तोच वेग ४९९ डॉलरमध्ये घेऊन आलं. म्हणजे निम्म्या पैशात तेच, असं म्हणून मी हा वाद इथेच जिंकला असता. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर २०२० ते २०२२ या काळात इथेरियम खणणाऱ्यांनी आणि चिपच्या टंचाईनं कार्डांचे भाव असे चढवले की ते ४९९ कागदावरच राहिलं, आणि ज्याच्याकडे २०८० टीआय होतं तो सुखानं झोपला. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खाणकामाची पद्धतच सोडली आणि वर्षानुवर्षं तापलेली कार्डं सेकंड हँड बाजारात आली. आताही, २०२५ च्या शेवटापासून, एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीनं रॅमचे भाव भडकले आहेत. भाव आपल्या हातात नसतात. म्हणूनच मी सगळा पैसा एका दिवशी ओतण्याच्या विरुद्ध आहे. लाखातले सत्तर आज घालून तीस चार वर्षांनी कार्डासाठी ठेवणाऱ्याला वेळ निवडता येते. टंचाई असेल तर वर्षभर थांबता येतं. शंभर घालून बसलेल्याला ती मोकळीक नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या उस्तवारीपेक्षा कन्सोल घ्या. फक्त खेळायचं असेल तर जरूर घ्या, तो सौदा चांगला आहे. ज्याला त्याच यंत्रावर कॅड, कोडिंग आणि प्रोजेक्टचे अहवाल करायचे आहेत त्याला ते पुरणार नाही.

भाच्याला मी लिहून दिलं ते असं. सॉकेट एएम५; २०२२ ला आला आहे आणि २०२७ पर्यंत तरी चालू ठेवण्याचा शब्द कंपनीनं दिला आहे. त्यावर सहा कोअरचा प्रोसेसर, पुढे एकदा थ्रीडी कॅशवाला आठ कोअरचा बसवायला जागा ठेवून. कार्ड मधल्या किमतीचं, पण १६ जीबीचं. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आणि गरजेपेक्षा दीडशे-दोनशे वॅट मोठा, कारण तो दोन कार्डांना पुरून उरतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा तर बोर्डासकट सगळं जाळू शकतो. नागपुरात उन्हाळा ४५ अंशांवर जातो, कोकणात खारी दमट हवा तांब्याला खाते, पुण्यात बांधकामाची धूळ. तेव्हा पुढे जाळी असलेलं, हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट घ्यावं, दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा, आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं. काचेचं, दिवे लावलेलं कॅबिनेट त्याला हवं होतं. मी नाही म्हटलं नाही, त्याच्या वयाला ते शोभतं, पण ते पैसे एसएमपीएसमधून कापू नकोस एवढं बजावलं.

ज्यांच्याकडे एएम४ आहे त्यांनी संगणक विकायची घाई करू नये. रॅम इतकी महाग असताना जुनी डीडीआर४ जपून, वरचा प्रोसेसर आणि मोठ्या मेमरीचं कार्ड घालून तो आणखी काही वर्षं सहज चालेल.

माझ्या २०१७ च्या बोर्डावर हा लेख टाइप झाला आहे. तुम्ही दुकानात जाल तेव्हा बिलावर तीन गोष्टी अक्षरी लिहून घ्या: बोर्डाचं पूर्ण मॉडेल, कार्डावरची मेमरी किती जीबी, आणि एसएमपीएसचं मॉडेल व वॅट. 'असेंबल्ड पीसी, एक नग' असं लिहिलेलं बिल घेऊ नका. दुकानदार लिहून देत नसेल तर उठा आणि पुढच्या दुकानात जा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.